तुमच्या वाटेवर पूल किती?

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाताना वाटेत पूल किती लागतात? थांबा, लगेच हात वर करू नका! नदीवरचा मोठा पूल तर कुणीही सांगेल. पण ओढ्यावरचा फरशी पूल मोजलात का? कालव्यावरचा छोटा पूल? रस्त्याच्या पोटातून सिमेंटचे नळे घालून केलेली मोरी? तीसुद्धा धरायची बरं का. एस.टी.त खिडकीजवळ बसून किंवा बाबांच्या गाडीवर मागं बसून एकदा नीट मोजा. मग लक्षात येईल, की आपण ज्याला ‘रस्ता’ म्हणतो तो म्हणजे मातीचे नि डांबराचे तुकडे, आणि त्यांना जोडणारे पूल. एक पूल गेला की रस्ता उरत नाही, नुसते तुकडे उरतात.

मी धाराशिव जिल्ह्यात परंड्याला शिकवते. परंडा म्हटलं की लोकांना आठवतो भुईकोट किल्ला. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला सीना नदी. करमाळ्याला जायचं, कुर्डुवाडीला रेल्वे गाठायला जायचं, तर सीना ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. बार्शीला जायचं तर सीना आडवी येत नाही, पण ओढे-नाले येतातच. एरवी या पुलांकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यांची आठवण होते ती पाणी आलं की. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. गावं पाण्यानं वेढली, रस्ते बंद झाले आणि परंडा तालुक्यात काही लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. वाट तुटणं म्हणजे काय, हे आमच्या मुलांना पुस्तकातून शिकवायची गरज उरली नाही.

पण पाणी निदान थोडंफार सांगून येतं. आभाळ भरून येतं, धरणातून पाणी सोडल्याची दवंडी पिटतात, मोबाइलवर निरोप येतो. भूकंप मात्र कुणालाच सांगून येत नाही. आणि आज मला तुमच्याशी बोलायचंय ते याविषयीच. जमीन हलली, तर आपल्या पुलांचं आणि रस्त्यांचं काय होईल? हे आधी ओळखता येतं का?

शांत म्हणून ठरवलेली जमीन

१९९३ साल. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता होती सुमारे ६.२. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून पन्नासावर गावं भुईसपाट झाली. किल्लारी, सास्तूर ही नावं तुम्ही घरी ऐकली असतील. आठ-दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली सापडली.

आता ऐका एक विचित्र गोष्ट. भूकंप कुठं किती जोराचा येऊ शकतो, हे दाखवणारा देशाचा एक नकाशा असतो. भारतीय मानक ब्युरो तो छापतं. त्या वेळच्या नकाशात देशाचे पाच भाग, म्हणजे पाच ‘झोन’, पाडलेले होते. झोन पाच सर्वांत धोक्याचा, झोन एक सर्वांत शांत. आणि किल्लारी होती झोन एकमध्ये! म्हणजे कागदावर देशातल्या सर्वांत निर्धास्त जागांपैकी एक. दख्खनचं पठार म्हणजे काळा, जुना, घट्ट खडक. तो कशाला हलतोय, असाच समज होता. खरं तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप होऊन गेला होता. आणि खुद्द किल्लारीत १९९२ मध्येच लहान-मोठे धक्के बसले होते. जमीन कुरकुरत होती. नकाशा मात्र शांत होता.

किल्लारीनंतर तो नकाशा बदलला. २००२ साली सुधारलेला नकाशा आला, त्यात झोन एक काढूनच टाकला आणि लातूर-उस्मानाबादचा भाग झोन तीनमध्ये घातला.

इथं जरा थांबा आणि विचार करा. नकाशा २००२ साली बदलला. पण त्याआधी बांधलेले पूल? ते तर जुना नकाशा समोर ठेवून बांधलेले! झोन एकमधल्या पुलाचा हिशेब करताना भूकंपाचा जोर धरायची नियमानं गरजच नव्हती. इंजिनिअरांनी पुलावरच्या गाड्यांचं वजन धरलं, पुराच्या पाण्याचा रेटा धरला, वारा धरला. जमीन आडवी हलेल, हे धरलं नाही. यात त्यांनी काही लबाडी केली असं नाही, नियमच तसा होता. तो पूल मात्र अजून उभाच आहे आणि आपण रोज त्यावरून जातोय.

तुम्ही म्हणाल, “बाई, किल्लारीला तर घरं पडली. पुलांचं कुठं काय झालं?” बरोबर आहे. त्या भूकंपात घात केला तो मुख्यतः घरांनीच. पण एक लक्षात घ्या. तो भूकंप उथळ होता आणि जोराचा हादरा तुलनेनं लहान भागात बसला. तिथं मोठाले पूल फार नव्हते. आज तीस वर्षांनी चौपदरी रस्ते झालेत, उड्डाणपूल झालेत, बार्शीच्या छोट्या रेल्वेची मोठी रेल्वे झाली. आता दूध, भाजी, औषध, डिझेल सगळं रोज बाहेरून येतं. पूर्वी गाव निदान पंधरा दिवस आपल्या कणग्यांवर काढायचं. आता आपण पुलांवर जगतो म्हणा ना!

आणि त्या पहाटेसुद्धा वाटेचा प्रश्न आलाच होता. गल्ल्या अरुंद. दोन्ही बाजूंच्या भिंती गल्लीतच कोसळल्या. मग आत जायचं कसं, जखमींना बाहेर आणायचं कसं? त्यात पाऊस सुरू झाला, चिखल झाला. मदतीच्या गाड्या आणि नुसतं बघायला आलेल्यांच्या गाड्या यांची एकाच रस्त्यावर गर्दी. (बघ्यांची ही हौस मला तरी कधीच कळलेली नाही.) पुनर्वसन झालेल्या गावांत गेलात तर तिथले रस्ते किती रुंद ठेवलेत ते मुद्दाम बघा.

फूटपट्टीचा पूल

पूल कसा पडतो हे समजायला आधी पूल कसा उभा असतो ते बघू. चला, घरातच एक बांधूया.

वह्यांचे दोन सारखे गठ्ठे टेबलावर ठेवा. मध्ये वीतभर अंतर. त्यावर आडवी फूटपट्टी ठेवा. झाला पूल! वह्यांचे गठ्ठे म्हणजे पुलाचे खांब. फूटपट्टी म्हणजे वरचा भाग, गर्डर आणि स्लॅब. दोन खांबांमधल्या अंतराला म्हणतात गाळा. आपल्याकडचे पुष्कळ पूल असेच असतात. एकेक गाळ्याचा गर्डर खांबांच्या डोक्यावर नुसता ‘ठेवलेला’ असतो. मध्ये असते बेअरिंग, म्हणजे रबराची किंवा लोखंडाची उशी. उन्हाळ्यात काँक्रीट फुगतं, थंडीत आकसतं, म्हणून त्याला सरकायला जागा ठेवावी लागते. गाडी पुलावरून जाताना ठरावीक अंतरानं ‘टक्‌-टक्‌’ असा आवाज येतो ना, ते दोन गाळ्यांमधले सांधे.

आता फूटपट्टीची टोकं वह्यांवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर टेकतील अशी ठेवा. टेबल आडवं हलवा. काय झालं? पडली! पुन्हा ठेवा, या वेळी टोकं पाच-पाच सेंटिमीटर आत घ्या. तेवढंच हलवा. फूटपट्टी सरकेल, पण बहुधा पडणार नाही. आता फूटपट्टीच्या दोन्ही कडांना खोडरबर टेकवून बघा, म्हणजे ती बाजूलाही सरकणार नाही. नाहीतर दोऱ्यानं गठ्ठ्याला सैलसर बांधून बघा.

हसू नका. जगभरचे पुलांचे इंजिनिअर नेमकं हेच करतात! खांबाच्या डोक्यावर गर्डरला टेकायला पुरेशी रुंद बैठक ठेवायची, बाजूला काँक्रीटचे ठोकळे बसवायचे, जुन्या पुलांना पोलादी दोरांनी बांधून घ्यायचं. भूकंपात पूल मोडण्याआधीच बैठकीवरून घसरतो, हे अनेकदा दिसलं आहे. गर्डर अखंड असतो, खांबही उभा असतो, आणि तरी पूल नसतो.

याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं. अंदमानात मधलं अंदमान आणि उत्तर अंदमान यांना जोडणारा एक पूल ऑस्टिन खाडीवर बांधला. २००२ साली तो सुरू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिथं भूकंप झाला. पुलाचा वरचा भाग बेअरिंगवरून सरकला. पुलानं जणू चिठ्ठीच लिहून दिली, की मला धरून ठेवणारं इथं काही नाही. दोन वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ ला, तो महाभयंकर भूकंप आला, ज्यानं त्सुनामीही आणली. या वेळी मधले तीन गाळे बेअरिंगवरून घसरून खाली आले.

आता जोर किती लागतो तो हिशेब करू. झोन तीनसाठी २००२ च्या नियमात एक आकडा दिलेला होता, ०.१६. त्याचा ढोबळ अर्थ असा, की मोठ्या भूकंपात जमिनीचा आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सोळा टक्के असू शकतो. आमच्या परंड्याच्या किल्ल्यात कधीकाळी मुलूखमैदान तोफ होती. पुढं १६३२ च्या सुमारास ती विजापूरला नेली. तिचं वजन सुमारे ५५ टन सांगतात. ती तोफ एखाद्या पुलावर ठेवली असती आणि झोन तीनमधला मोठा भूकंप झाला असता, तर तिला आडवा जोर बसला असता ५५ गुणिले ०.१६, म्हणजे जवळजवळ ९ टनांचा. आणि पुलाचा एकेक गाळा तर तोफेहून कितीतरी जड असतो! तो सगळा आडवा जोर शेवटी खांबांना झेलावा लागतो. खरा हिशेब याहून अवघड असतो. खांबाची उंची, खालची माती, पुलाचा लवचिकपणा यांनुसार हा जोर वाढतो किंवा कमी होतो. पण अंदाज यायला एवढं पुरे.

उंचीवरून आठवलं. एका पुलाचे काही खांब उंच आणि काही बुटके असतील, तर जास्त धोका कुणाला? मुलं पटकन सांगतात, “उंचाला!” चूक. तीच फूटपट्टी घ्या. तिचा लांब भाग टेबलाबाहेर काढून टोक दाबा, सहज वाकते. आखूड भाग बाहेर ठेवून दाबा, ताठ राहते. वरचा गर्डर सगळ्या खांबांना एकदमच ढकलतो. उंच खांब वाकून सुटतात. ताठ उभा राहणारा बुटका खांब मात्र जास्तीचा जोर अंगावर घेतो आणि तोच आधी चिरतो.

आणि पाया? बादलीत वाळू भरा, पाणी ओता, वर एक दगड ठेवा आणि बादलीला बाहेरून भराभर थापट्या मारा. दगड हळूहळू आत रुतेल. पाण्यानं भरलेली सैल वाळू जोरात हलली, की थोडा वेळ पातळ चिखलासारखी वागते. नदीकाठी, खाडीकाठी हा धोका असतो. आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी खडक फार खोल नसतो, ती जमेची बाजू. पण दुसरी एक गोष्ट काळजीची आहे. पुराचं पाणी खांबाच्या पायाजवळची माती उकरून नेतं. पुलाजवळ वाळूचा उपसा झाला तर आणखीच. पाया उघडा पडला तरी पूल उभा दिसतो, एस.टी. जाते-येते. पण त्याच्या पायाखालचा आधार कमी झालेला असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. बसगाड्या अंधारात नदीत गेल्या. तो भूकंप नव्हता, हे खरं. पण पुरानं दुबळ्या केलेल्या पुलाला पुढं भूकंपाचा धक्का बसला तर, हाही प्रश्न विचारायलाच हवा. २०२५ च्या महापुरानंतर तर आमच्या भागात तो पहिला विचारायला हवा.

जाळ्यातली एक गाठ

१७ ऑक्टोबर १९८९ ला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ भूकंप झाला. तिथल्या खाडीवर तेव्हा मैलोगणती लांब दुमजली पूल होता. त्याच्या वरच्या मजल्याचा अवघा एक तुकडा, पंधरा मीटरांचा, निसटून खाली पडला. एवढा मोठा पूल, त्यातला एवढासा तुकडा! पण पूल महिनाभर बंद राहिला. पलीकडं ओकलंड शहरात दुमजली उड्डाणरस्ताच कोसळला आणि तिथं ४२ माणसं गेली. जपानात कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे तर सहाशे मीटरहून जास्त लांबीचा उड्डाणमार्ग खांबांसकट एका कुशीवर आडवा झाला. शहरात आगी लागल्या होत्या, पण रस्ते अडल्यामुळं बंबांना पोचायला उशीर झाला.

आपल्या शेजारी गुजरातेत २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला. सौराष्ट्रातून कच्छमध्ये जाताना सुरजबारीचा पूल लागतो. तिथं गर्डर बेअरिंगवरून सरकले, सांध्यांचं नुकसान झालं. पूल पडला नाही, पण त्यावरून गाड्या बेतानं सोडाव्या लागल्या. आणि नेमकी तीच वाट मदतीची होती.

यातून एक गोष्ट दिसते. ‘कुठला पूल कमकुवत?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘कुठला पूल गेला तर जास्त माणसं अडकतील?’ हेही विचारावं लागतं. समजा, तुमच्या गावाला तालुक्याला जायला तीन वाटा आहेत. एक पूल पडला, तर दहा किलोमीटरचा वळसा पडेल, चालेल. पण शेजारच्या वाडीला एकच वाट आणि तिच्यावर एकच पूल. तो पडला तर वळसा नाहीच. मोठ्या रस्त्यावरच्या पुलावरून दिवसाला हजार गाड्या जातात, वाडीच्या पुलावरून वीस. तरी वाडीच्या माणसाला त्या वीसमध्येच सगळं जग आहे.

मग इंजिनिअर हा धोका मोजतात कसा? मुख्यतः तीन प्रश्न विचारतात. पहिला, इथं जमीन किती हलू शकते? त्यासाठी झोनचा नकाशा आणि खालची माती. दुसरा, पूल किती सोसेल? तो कुठल्या साली बांधला, गर्डर नुसते ठेवलेत की खांबांशी एकसंध आहेत, बैठक किती रुंद, बेअरिंग झिजलेत का, खांबाला तडे आहेत का, पाया उघडा पडलाय का, हे सगळं बघून पुलाला चक्क गुण देतात, आपल्या परीक्षेसारखे! आणि तिसरा, हा पूल गेला तर काय अडेल? दवाखाना, अग्निशमन दल, रेल्वे स्टेशन, धरणाचा रस्ता? वळसा किती? तिन्ही उत्तरं एकत्र मांडली, की कुठला पूल आधी दुरुस्त करायचा त्याची यादी तयार होते. पैसे नेहमी कमीच असतात, म्हणून यादीचा क्रम महत्त्वाचा. खांबाभोवती काँक्रीटचं किंवा पोलादाचं जाकीट घालणं, बैठक रुंद करणं, ठोकळे बसवणं, बेअरिंग बदलणं हे सगळं जुन्या पुलाला करता येतं. ते नवा पूल बांधण्यापेक्षा बहुतेकदा बरंच स्वस्त पडतं. पुलांचा भूकंपाचा हिशेब कसा करावा, याची वेगळी मार्गदर्शिकाही इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१८ साली काढली आहे. नव्या पुलांचं म्हणून मला फारसं भय वाटत नाही. भय वाटतं ते कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या जुन्या, छोट्या पुलांचं.

रेल्वेचं थोडं वेगळं आहे. रेल्वेला वळसा घालता येत नाही, आणि वेगात असलेली गाडी एकदम थांबतही नाही. पण भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या असतात. पहिली वेगवान, सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावणारी, पण सौम्य. दुसरी सेकंदाला साडेतीन किलोमीटर जाणारी, आणि खरी नासधूस करणारी. किल्लारीपासून परंडा सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. गणित करा बघू! पहिली लाट १२० भागिले ६ म्हणजे २० सेकंदांत पोचेल. दुसरी साधारण ३४ सेकंदांत. मधे सापडले चौदा सेकंद. जपानमध्ये बुलेट ट्रेनच्या मार्गांवरची यंत्रं पहिली लाट ओळखून वीज तोडतात आणि गाड्यांना आपोआप ब्रेक लागतात. ११ मार्च २०११ च्या प्रचंड भूकंपात तिथल्या बुलेट ट्रेनमधला एकही प्रवासी दगावला नाही. आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी अशी २८ यंत्रं बसवायचं २०२४ साली जाहीर झालं. त्यातली काही रुळांपासून दूर, पूर्वी भूकंप झालेल्या भागांत बसवायची, आणि त्या यादीत लातूरचं नाव आहे. आपल्याकडं जमीन हलली, तर मुंबईकडची गाडी थांबणार! आहे की नाही गंमत?

आमच्या चौथीचा नकाशा

आमच्या चौथीच्या वर्गानं एक उद्योग केला. प्रत्येकानं आपल्या घरापासून शाळेपर्यंत, आणि घरापासून सरकारी दवाखान्यापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढला. पूल तिथं लाल टिंब. पहिल्या दिवशी सगळ्यांची टिंबं मिळून सात भरली. आठ दिवस डोळे उघडे ठेवून चालल्यावर तीच एकोणीस झाली. मग सगळे नकाशे एका मोठ्या कागदावर जोडले आणि मी विचारलं, “आता एकेक लाल टिंब झाका आणि सांगा, कोण अडकलं?” एका ओढ्यावरच्या मोरीचं टिंब झाकलं आणि एका वस्तीवरची पाच मुलं एकदम ओरडली, “बाई, आम्ही!” त्या मोरीकडं तोवर कुणी पूल म्हणून बघितलंच नव्हतं. तिला कठडासुद्धा नाही.

पालकांनो, हा नकाशा मुलांबरोबर तुम्हीही काढा. पुलापाशी जाताना मुलांना एकट्यानं पाठवू नका, खाली नदीत उतरू नका, वरून आणि काठावरून दिसतं तेवढं पुरे. पुलावर बांधल्याचं साल कोरलेलं असतं का ते बघा. ते २००२ च्या आधीचं आहे की नंतरचं? सांध्यात गर्डर एका बाजूला सरकलेला दिसतो का? पुलाचं टोक आणि रस्त्याचा भराव यांच्यामध्ये पायरी पडलीय का? भूकंपात भराव खचला, तर पूल शाबूत राहूनही गाडी वर चढत नाही. खांबाजवळ पाण्यानं खड्डा केलाय का? सांध्यांतून झाडं उगवलीत का? पिंपळाची मुळं फार चिवट असतात.

प्रवासात असताना जमीन हलली तर काय करायचं, तेही सांगून ठेवते. गाडी पुलाच्या अलीकडं असेल तर पुलावर चढवू नका. पुलावर असेल तर वेग कमी करून सावकाश पार व्हा, पुलावर थांबू नका. मग रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी, तारा आणि मोठी झाडं सोडून थांबा आणि गाडीतच बसा. उड्डाणपुलाच्या खाली आसरा घेऊ नका. हादरे थांबल्यावर पूल सरळ दिसतोय म्हणून लगेच त्यावरून परत फिरू नका. मागून आणखी धक्के येतात, किल्लारीतही ते कितीतरी दिवस येत होते. आणि रस्ता मोकळा ठेवा. तिकडं काय झालंय ते बघायला गाडी काढू नका.

नकाशा पूर्ण झाला, की त्याची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावा आणि एक ग्रामपंचायतीत द्या. ज्या टिंबाला झाकल्यावर एखादी वस्ती अडकते, त्याच्याभोवती गोल करा आणि शेजारी तीन गोष्टी लिहा. पूल कुठल्या रस्त्यावर, बांधल्याचं साल, आणि दुसरी वाट आहे की नाही. तो पूल जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे ग्रामसेवकांना विचारलं की कळतं. पुढची ग्रामसभा कधी आहे, तेही त्याच वेळी विचारून घ्या. आमच्या वस्तीवरच्या त्या पाच मुलांचा अर्ज लिहून तयार आहे. अक्षर जरा वाकडं आहे, पण मोरीचं चित्र त्यांनी झकास काढलंय.